पडताना झगा धरणारा माणूस

माझे धाकटे दीर बाई म्हणून किती वेळा मेले, ते देवालाच ठाऊक. कधी पुलावरून पडून, कधी मालगाडीच्या टपावरून, एकदा तर नवरीच्या पोशाखात काचेच्या खिडकीतून. आणि प्रत्येक वेळी मेल्यावर संध्याकाळी घरी येऊन म्हणायचे, "वहिनी, चहा टाका. जरा आलं जास्त घाला, आज फार उंचावरून मेलो."

त्यांचा धंदाच तो. सिनेमात नायिकेला जिथे लागण्यासारखं काही करायचं असतं तिथे तिला खुर्चीवर बसवतात, हातात सरबत देतात, आणि तिचे कपडे नि केसांचा टोप आमच्या भावजींना चढवतात. अंगानं शेलाटे, कंबर बारीक, उंची बेताची. पाठमोरे उभे राहिले की भलेभले फसायचे. गल्लीत त्यांना 'बाईसाहेब' म्हणत. आधी चिडवायला म्हणत, मग सवयीनं, आणि पुढे पुढे अगदी आदरानं. "बाईसाहेब, गॅसची टाकी तेवढी वर न्यायला हात लावता का?" असं शेजारीण खिडकीतून ओरडायची, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही.

मिशी त्यांनी जन्मात एकदाच ठेवली, काम नव्हतं तेव्हा. चांगली आली होती. मग बोलावणं आलं आणि गेली. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "माझ्या एकाला मिशी आहे पण काही उपयोग नाही, दुसऱ्याला उपयोग झाला असता तर मिशी नाही." पहिला म्हणजे आमचे हे. यांनी ते कधी मनाला लावून घेतलं नाही, कारण हे पेपरातून मान वरच काढत नाहीत.

मी देवाधर्माची बाई. सकाळचा दिवा, जप, मग वहीत चार ओळी, मग स्वयंपाक. भावजींच्या उडीच्या दिवशी जप वाढवायचा, असं मी ठरवून टाकलं होतं. पण मला एक काळजी असायची, आणि ती मी देवाला स्पष्ट सांगायची: "देवा, पडतोय तो आमचा आहे. केसांवर जाऊ नकोस. लिपस्टिकवर तर मुळीच जाऊ नकोस. ही नायिका आहे, हिला नायक वाचवेल असं वाटून तू निवांत बसशील आणि खाली आमच्या माणसाची हाडं मोडतील." देवानं ऐकलं म्हणायचं. मान, पाठ शाबूत राहिली. गुडघा मात्र गेला, पण त्याला देव जबाबदार नाही. त्याला चड्डी जबाबदार आहे.

ती गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

भावजींच्या अगदी पहिल्या उडीत त्यांना घेरदार झगा होता. खिडकीतून उडी मारली, वारा झग्यात शिरला, आणि झगा सरळ डोक्यावर. खाली काय दिसायचं ते दिसलं: गुडघ्यांच्या गाद्या, आणि निळ्या पट्ट्यांची चड्डी. तेव्हाचा फाईट मास्तर, म्हणजे मारामाऱ्या नि उड्या बसवणारा, ओरडला, "अरे, नायिका पडली का आखाड्यातला पहिलवान?" पुन्हा उडी मारावी लागली. या वेळी भावजींनी एका हातानं झगा गुडघ्याशी घट्ट दाबला आणि दुसरा हात डोक्यावर, टोप उडू नये म्हणून. उडी पास झाली. दिग्दर्शक म्हणाला, "वा! काय लाजरी पडली! अगदी बाई!"

झालं. तेव्हापासून भावजी तसेच पडले. त्यांचं बघून बाकीचे टोपवालेही तसेच पडू लागले. त्या लोकांत त्याला नावच पडलं, 'बायकी उडी'. पुरुष पडणार ते हात पसरून, आभाळाला मिठी मारल्यासारखे. बाई पडणार ती एक हात डोक्यावर, एक गुडघ्यावर. नवशिक्यांना मास्तर सांगायचे, "बाईचं पडणं शिकायचं तर बाईसाहेबांकडं जा." ती पहिली उडी पाहिलेले लोक केव्हाच पांगले, आणि चड्डीची गोष्ट आमच्या घराबाहेर गेली नाही. भावजींना त्या उडीचा मान होता, आणि मानाच्या खाली काय घातलंय ते कुणी दाखवत नाही.

गंमत पुढेच आहे. गल्लीतल्या मुली कठड्यावरून उड्या मारायच्या, त्याही एक हात डोक्यावर, एक गुडघ्यावर. अंगात विजार! धरण्यासारखं काही नव्हतंच. मी स्वतः एकदा जिन्यात बादलीसकट घसरले, तेव्हा माझा हात पहिल्यांदा डोक्यावर गेला. माझे केस माझेच, ते कुठे उडून जाणार होते? कंबर धरायची राहिली, ती अजून दुखते. एका माणसाची चड्डी झाकायला सगळ्या बायका अशा पडू लागल्या, आणि सगळ्यांना वाटलं की बाईचा स्वभावच तो.

आता पुतणीबद्दल. भावजींची मुलगी. तिची आई ती पाळण्यात असतानाच गेली, मग दोन घरांची चूल मी एकच केली. अंगानं काडी आणि सतत उड्या, म्हणून मीच तिचं नाव नाकतोडी ठेवलं. मागच्या अंगणात जुन्या गाद्यांवर भावजी सराव करायचे, ही शेजारी कोलांट्या मारायची. पाटीवर अक्षर नंतर गिरवलं, पडायला आधी शिकली. मोठी होऊन मुलांना कसरती शिकवायला लागली. पण तिचा जीव बापाच्या धंद्यात. आणि बाप म्हणजे भिंत.

"ही पोरगी पडणार नाही," एवढंच त्यांचं.

"का पण, बाबा?"

"लागतं."

"तुम्हाला नाही लागत?"

"मला सवय आहे."

"मग मलाही लागू दे की सवय."

यावर भावजी उठून अंगणात जायचे आणि काही कारण नसताना गाद्या झटकायचे.

अशात तो हेरगिरीचा सिनेमा आला. जाहिरात आमच्या नाक्यावरच लागली होती: एक बाई, हातात पिस्तूल, पायाखाली पृथ्वीचा गोळा, आणि खाली मोठ्या अक्षरांत, 'आता देश तिच्या हाती!' मला फार बरं वाटलं. म्हटलं, पिस्तुलाला का होईना, बाईचा हात लागला.

भावजींनी जेवताना गोष्ट सांगितली तेव्हा मात्र घास अडकला. गुप्तहेर बाई शत्रूच्या गोटात शिरते, तर पाठ उघडी टाकलेला झगा घालून. मी विचारलं, "भावजी, पिस्तूल ठेवते कुठं ती? आम्हाला बाजारात जाताना धड पाकीट ठेवायला खिसा मिळत नाही."

"मांडीला पट्टा असतो, वहिनी."

"आणि पटकन काढायचं झालं तर?"

"तेवढ्यात नायक येतो."

"सिनेमा तिचा ना?"

"तिचाच. नायक फक्त वाचवायला येतो."

आणि देश विकणारा कोण? ते तर ऐकण्यासारखं आहे. गोष्ट लिहिली तेव्हा देश विकत होता मंत्री. पण शेवटची उडी एका सरकारी कचेरीच्या गच्चीवरून होती, आणि गच्चीची परवानगी सरकारकडून. सरकार म्हणालं, निवडणुका तोंडावर आहेत, मंत्री फितूर दाखवू नका. मग मंत्र्याचा सचिव केला, तर सचिव लोक रुसले. मग मंत्र्याचा मेहुणा केला, तर परवानगीच्या कागदावर सही करणारे साहेब निघाले कुणाचे तरी मेहुणे. शेवटी देश विकला तो मंत्र्याच्या स्वयंपाकिणीनं.

"तिला का?" मी विचारलं.

"तिची संघटना नाही," भावजी म्हणाले.

मी यांच्याकडे वळले. "ऐकलंत? कचेरीत सगळे धुतल्या तांदळासारखे, आणि देश विकायचा तो ओट्याजवळून! कांदा चिरता चिरता नकाशे द्यायची वाटतं शत्रूला?"

हे पेपराच्या मागून म्हणाले, "सिनेमा आहे गं तो."

"तुमच्या हातात आहे तो पेपर, त्यात तरी वेगळं काय असतं?"

पेपर हलला नाही.

आणि त्याच पेपरात पुढच्या आठवड्यात भावजी छापून आले. कुणीतरी चोरून फोटो काढला होता. पाय फाकवून बसलेत, अंगात तो पाठउघडा झगा, टोप गुडघ्यावर, तोंडात विडी. वर मथळा, 'देश तिच्या हाती, झगा त्याच्या अंगी!' यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पेपर खाली ठेवला.

सिनेमावाल्यांची पळापळ झाली. बायकांचा सिनेमा म्हणून डंका पिटलेला, आणि बाई निघाली बाप्या. फाईट मास्तर स्वतः आमच्या घरी आला. दांडगा गडी, पण माझ्या पुढ्यात अंग चोरून बसला.

"बाईसाहेब, शेवटची उडी आता खऱ्या बाईनंच मारायची आहे. वरून हुकूम आहे. झगा पण नको म्हणतात, विजार-जाकीट."

"कुठून आणणार खरी बाई?" भावजी म्हणाले. "इतकी वर्षं ठेवलीय का कुणी?"

स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला, "मी आहे."

"तू गप."

"बाबा, चौथा मजला आहे. त्याहून उंचावरून मी मारलीय."

"कुठून?" भावजींचा आवाजच बदलला.

"ते काकूला माहीत आहे."

मला माहीत होतं. पाण्याच्या टाकीचा कठडा, खाली तिची पोरं गाद्या धरून. मी तेव्हा जप करत होते, आणि डोळे उघडे ठेवून करत होते. पण आता विषय टाकीचा नव्हता. मी म्हटलं, "भावजी, रागावू नका. बाईच्या नावावर जन्मभर जेवलात. आता खरी बाई जेवायला आली तर तुम्ही दाराला कडी लावता?"

 भावजी गुडघा चोळू लागले. तो गुडघा आता जिनाही धड चढत नव्हता, हे मास्तरला दिसत होतं. तो हळूच म्हणाला, "तुम्ही स्वयंपाकीण करा. सुरी घेऊन गच्चीवर मागे लागायचं, एवढंच. आणि नंतर जिन्यावरून पडून मरायचं. सवयीचं काम."

गुडघ्यावरचा हात काढून भावजी म्हणाले, "बरं. पण खोकी मी रचणार."

हे सांगायला हवं. उडी जिथे पडायची तिथे रिकामी पुठ्ठ्याची खोकी थरावर थर रचतात, वर गाद्या, वर ताडपत्री. खोकी दबतात आणि माणूस वाचतो. या लोकांत एक नेम आहे, मोडला म्हणून कुणाला ठाऊक नाही: जो पडणार, खोकी त्यानंच रचायची. सख्ख्या भावालाही हात लावू द्यायचा नाही. कारण पडताना मनात शंका नको, आणि पडल्यावर कुणावर आळ नको.

नाकतोडी बापासमोर येऊन बसली. "बाबा, तुमची खोकी तुम्ही कधी कुणाला रचू दिलीत?"

"तू माझी मुलगी आहेस."

"खोक्यांना ते माहीत नसतं. पडणार मी, रचणार मी."

त्या दिवशी भावजींनी चहासुद्धा मागितला नाही.

उडीच्या दिवशी ती म्हणाली, "काकू, तू चल." मी जपमाळ पदराशी बांधली आणि गेले. कचेरीच्या मागच्या अंगणात, जिथे साहेबांच्या मोटारी उभ्या राहतात, ती जागा रिकामी करून घेतली होती. नायिका सावलीत खुर्चीवर, हातात सरबत. मुलगी वाईट नव्हती. मला उठून खुर्ची देऊ लागली आणि म्हणाली, "मला तर माळ्यावर चढायचीसुद्धा भीती वाटते हो."

नाकतोडी खोकी रचत होती. आणि भावजी? अंबाडा, एप्रन, डोळ्यांत काजळ, असे भिंतीला टेकून बसलेले. दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरलेले, चुकून खोक्याला लागू नयेत म्हणून. नजर मात्र थरावरून हलेना. डाव्या कोपऱ्याशी आली की थांबे. तिथे काहीतरी होतं, हे मलासुद्धा कळलं. पण नेम म्हणजे नेम. हात काखेतच राहिले. सगळं रचून झाल्यावर नाकतोडी एकदा भोवती फिरली, डाव्या कोपऱ्यावर पायानं दाबून बघितलं, आणि एक ओलसर खोकं ओढून फेकून दिलं. दुसरं लावलं. भावजींनी श्वास सोडला तो मला इतक्या लांबून ऐकू आला.

मग ते दोघे गच्चीवर गेले. मी खाली. डोळे मिटले आणि म्हटलं, "देवा, या खेपेला सोपं आहे. केस खरे आहेत. ओळखण्यात चूक नको."

वर आरोळी झाली. माझी भाबडी स्वयंपाकीण लंगडत, सुरी परजत कठड्यापर्यंत आली. तिच्यापुढे नाकतोडी धावली, वळली, आणि हात पसरून मागे कोसळली. डोकं धरलं नाही, गुडघा धरला नाही. पोरगी नुसती उघडी झाली, खिडकी उघडते तशी. खाली पाठीवर सपाट. खोक्यांचा धप्प आवाज झाला आणि मग काहीच नाही. वरून एक अंबाडा कठड्याबाहेर लोंबकळत बघत होता.

ती उठली. नाक पुसलं. "ठीक आहे," म्हणाली.

टाळ्या पडल्या. मी तर जपमाळेसकट वाजवल्या. पण दिग्दर्शक लहान पडद्यावर तीच उडी पुन्हा पुन्हा बघत होता. म्हणाला, "बाई वाटत नाही."

"म्हणजे?" नाकतोडीनं विचारलं.

"पुरुष पडल्यासारखं दिसतंय. लोक म्हणतील, पुन्हा बाप्याच टाकला."

"अहो, मीच पडले ना! मी बाई आहे."

"आहेस गं. पण दिसली नाहीस."

आजूबाजूचे सगळे माना हलवू लागले. हो, हो, बाई अशी पडत नाही. मास्तर म्हणाला, "पोरी, एक हात डोक्यावर, एक गुडघ्यावर. तुझ्या बापाचीच उडी आहे, घरात पाहिली असशील." आणि वरून खाली उतरणाऱ्या भावजींना हाक मारली, "बाईसाहेब, हिला जरा बाई व्हायला शिकवा! अजून एक घेऊ."

भावजी एकेक पायरी करत आले. अंबाडा हातात काढून घेतला होता. मला वाटलं, आता शिकवतील. त्यांच्या जन्माची ती एकच कमाई. सगळे गोल करून उभे, शिकायला टपलेले.

"तसं पडू नकोस," ते मुलीला म्हणाले. "अंग मिटतं. पाठ टेकत नाही, सगळा भार गुडघ्यावर येतो." आणि एप्रन वर करून गुडघा दाखवला. सुजून पांढऱ्या भोपळ्याएवढा. "हा तसाच गेला."

"पण बाई तशीच पडते ना," दिग्दर्शक म्हणाला.

"बाई कशी पडते ते मला काय ठाऊक?" भावजी म्हणाले. "माझी चड्डी दिसत होती."

कुणाला काही कळेना. तेव्हा त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. वारा, झगा, पट्टे. "निळे होते," असंही सांगितलं. "हात गुडघ्यावर तो चड्डीसाठी. हात डोक्यावर तो टोपासाठी. हिला टोप नाही, झगा नाही. हिनं काय धरायचं?"

आधी एकजण फुसकन हसला, मग सगळं अंगण. प्रकाशाचे दिवे धरणारे दिवे खाली ठेवून हसले. आणि माझा दीर काजळ घातलेल्या डोळ्यांनी तिथे उभा राहिला, सगळ्यांना हसू दिलं. इतक्या वर्षांचा मान त्यांनी स्वतःच्या हातानं वर उचलून धरला, तो झगा एकदा वाऱ्यानं उचलला होता तसा. फरक इतकाच की या वेळी दाबला नाही.

सगळ्यात जास्त हसली ती नायिका. सरबत सांडलं. "म्हणजे मी," ती म्हणाली, "प्रत्येक सिनेमात तुमच्याशी जुळावं म्हणून पडतानाचा माझा चेहरा जवळून घेताना डोक्यावर हात ठेवत आले, तो तुमच्या टोपासाठी?"

"हो, बाई. माफ करा."

"मी आता हात पसरून चेहरा देते," तिनं दिग्दर्शकाला सांगितलं. "ठेवा तीच उडी."

दिग्दर्शक म्हणाला, "प्रेक्षकांना सवय आहे हो बायकी उडीची."

"मीच लावली," भावजी म्हणाले. "मोडायला माझी हरकत नाही."

तरीही त्यानं ऐकलं असतं असं मला वाटत नाही. सिनेमावाला तो. पण तेवढ्यात कचेरीचा शिपाई धावत आला: साहेबांची मोटार येतेय, जागा मोकळी करा! मोटार उभी राहायची ती नेमकी खोक्यांच्या जागी. झालं, दुसऱ्या उडीचा प्रश्नच मिटला. बायकांच्या बाजूनं सरकार उभं राहिलेलं मी त्या दिवशी पाहिलं, ते मोटार उभी करायला जागा हवी होती म्हणून.

मोटार येईपर्यंत खोकी हलवायची धांदल उडाली. भावजी हात काखेत घालून पुन्हा बाजूला. नाकतोडी ओरडली, "बाबा! रचायची माझी, उचलायची कुणाचीही. या ना!" मग आमची स्वयंपाकीण लंगडत गेली आणि एकेक खोकं छातीशी धरून नेऊ लागली. डाव्या कोपऱ्यातलं त्यांनी जरा जास्तच वेळ धरून ठेवलं.

सिनेमा लागला तेव्हा आम्ही सगळे गेलो, हे सुद्धा. देश तिच्या हाती आला तो अगदी शेवटी, आणि तोही नायकानं दिल्यावर. पण नाकतोडीची उडी आली तेव्हा थिएटरात कुणीही म्हणालं नाही की बाई अशी पडत नाही. पुढच्या रांगेतल्या शाळकरी मुलींनी शिट्ट्या मारल्या.

मग स्वयंपाकिणीला जिन्यावरून पडून मरायचं होतं. ती पडली. एक हात अंबाड्यावर, एक एप्रनवर, अगदी लाजरी. जुन्या पद्धतीची ती शेवटची. सगळं थिएटर टाळ्या वाजवत होतं, देशद्रोहीण मेली म्हणून. मला एकटीला रडू आवरेना.

भावजी शेजारच्याच खुर्चीत. मिशी ठेवली होती, निम्मी पांढरी, पण छान शोभत होती. माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "वहिनी, पाहिलंत? टोप सरकला होता."